महूचा भीमराव आणि महाडचे पाणी

भाषेचा विषय निघाला की आपल्या सीमाभागात बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर, भालकी ही नावे ओघाने येतात. इंदूरचे नाव कुणी घेत नाही. वास्तविक मराठी मुलखाबाहेर मराठी किती खोल रुजली याचा दाखला पाहायचा तर इंदूरला जावे. होळकरांचे हे शहर. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि इंदूरपासून सात-आठ कोसांवर महू येथे इंग्रजांनी लष्कराची छावणी घातली. राज्याची धार गेली, पण घरातली मराठी तशीच राहिली. त्या छावणीत पुढे मराठी पलटणींतले शिपाई, त्यांची बायकामुले आणि त्या मुलांच्या शाळा आल्या.

अशाच एका लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते सुभेदार रामजी सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. पत्नी भीमाबाई. १४ एप्रिल १८९१ रोजी महूला त्यांचे चौदावे अपत्य जन्मले. तोच भीमराव, आपल्या सर्वांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुलूख हिंदीचा, हुकूम इंग्रजीत, पण घरात बोली मराठी. रामजी कबीरपंथी. मुलांकडून अभंग आणि पुराणकथा म्हणवून घेतल्याशिवाय दिवस सरत नसे. मूल दोन-तीन वर्षांचे असताना रामजी निवृत्त झाले, कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तिथेच भीमाबाई वारल्या.

छावणीत सुभेदाराचा मुलगा म्हणून जे कळले नव्हते ते साताऱ्यात कळले. शाळेत बसायला वेगळे गोणपाट. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडायची. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. पण त्याहून मनात रुतलेली गोष्ट १९०१ सालची. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात नोकरीला होते. दुष्काळात माणसे पटापट मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना बोलावून घेतले. भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले, नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरली. पत्र वेळेवर पोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि पाच पावले मागे सरला. गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की बैल पोरांनी हाकायचे, गाडीवान बाजूने चालणार. शिदोरीत भरपूर जेवण होते, पण प्यायला पाणी नाही म्हणून घास उतरेना. रात्री टोलनाक्यावर पोरांनी मुसलमान असल्याची बतावणी करून पाणी मागितले, तरीही मिळाले नाही. तशीच उपाशी झोपली. बाप दुष्काळी लोकांच्या तलावाच्या कामाचा हिशेब ठेवतो आहे आणि त्याची लेकरे ओंजळभर पाण्यासाठी रात्रभर तळमळताहेत! बाबासाहेबांनी पुढे ही हकीकत तपशिलासकट लिहून ठेवली.

पुढचे शिक्षण सर्वांना ठाऊक आहे. एल्फिन्स्टन कॉलेज, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, लंडन. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनला निघाला. अर्थशास्त्राचे ग्रंथ इंग्रजीत, सरकारपुढच्या साक्षी इंग्रजीत. पण ज्या माणसांना उठवायचे होते त्यांच्यासाठी हा विद्वान मराठीकडे वळला, हे भाषेच्या चर्चेत आपण विसरतो. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाला. त्याला शाहू महाराजांनी मदत केली. त्याच वर्षी मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला परिषद झाली. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाख्याची बहिष्कृत परिषद भरली ती तर आपल्या निपाणीला. ३ एप्रिल १९२७ पासून बहिष्कृत भारत सुरू झाले. मूकनायकाच्या माथ्यावर तुकोबा होते, इथे ज्ञानेश्वर. पैसा नाही, मदतनीस नाही, बहुतेक रकाने संपादकाने स्वतः भरायचे. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांतल्या फार थोड्यांना वाचता येत होते. एकाने वाचायचे आणि वाड्यातल्या साऱ्यांनी ऐकायचे, असा तो जमाना. १९२९ साली हे पत्र बंद पडले, पण तोवर त्याने आपले काम केले होते.

आता महाडकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेनेही सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या कारकिर्दीत चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क दोनदा मिळाला होता. तळ्यावर मात्र एकही अस्पृश्य ओंजळ भरायला गेला नव्हता. जायची कुणाची छाती होती?

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि अनंतराव चित्रे यांनी खेडोपाडी फिरून माणसे गोळा केली होती. कोकणातल्या वाड्यावाड्यांतून हजारो लोक खांद्याला भाकरी बांधून चालत आले. त्यात पलटणीतून परतलेले जुने शिपाई होते, कुळे होती, मजूर होते. परिषदेला लागणारे पाणी गावातून विकत घ्यावे लागले. त्याला चाळीस रुपये पडले, १९२७ सालचे चाळीस रुपये! आणि हाकेच्या अंतरावर तळे भरलेले. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली, रांगेने, गडबड न करता. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळ भरली, प्याले. मागून सारे प्याले. साताऱ्याच्या शाळेतला, मसूरच्या गाडीतला तो मुलगा आता छत्तीस वर्षांचा होत आला होता.

पाणी पिऊन लोक मांडवात परतले, जेवणे चालू होती. तेवढ्यात गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्या घेऊन आला, पानावरच्या लोकांना झोडपले, अन्न मातीत मिसळले. मांडवातले जुने शिपाई उलट हात उचलायला तयार होते, त्यांना बाबासाहेबांनी थोपवले. ते थोपवणे पाणी पिण्यापेक्षाही अवघड होते, असे मला वाटते. पुढे तळे गोमूत्र-शेणाने शुद्ध करून घेण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरला पुन्हा परिषद ठरली तेव्हा मांडवाला जागा कुणी देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. त्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर जायला मात्र कोर्टाचा मनाईहुकूम आडवा आला होता. बाबासाहेबांनी तो मोडला नाही, खटला लढवला. तो चालला दहा वर्षे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

डिसेंबरच्या त्या परिषदेत स्त्रियाही होत्या. जातीची खूण ठरलेला पेहराव आणि जड कथिला-चांदीचे दागिने टाका, मुलींना शाळेत घाला, असे बाबासाहेबांनी त्यांना त्यांच्याच बोलीत सांगितले. पुढच्याच वर्षी कौन्सिलात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून ते उभे राहिले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, म्हणून १९५१ साली त्यांनी केंद्रातले मंत्रिपद सोडले. कोकणातल्या कुळांच्या पोटावर पाय देणारी खोती मोडण्यासाठी त्यांनी १९३७ साली विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. दामोदर खोऱ्याची योजना आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ त्याच काळातले.

घटनेचे पंधरावे कलम काढून पाहा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, जे सरकारी पैशाने राखले जातात ते सर्वांना खुले. १९२३ चा बोले ठराव ज्याने वाचला त्याला ही भाषा ओळखीची वाटेल. फरक एवढाच की मधे महाड झाले.

मराठी राज्याबद्दलची बाबासाहेबांची सगळीच मते आपल्याला रुचतील असे नाही. १९४८ साली त्यांनी भाषिक प्रांताची बाजू घेतली, पण प्रांताचा कारभार केंद्राच्या भाषेत चालावा असे म्हटले. १९५५ साली मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, त्यात मुंबई स्वतंत्र. संयुक्त महाराष्ट्रवाल्यांना ते झोंबले. तरीही त्यांचे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत आले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि आपली गावे म्हैसूर राज्यात गेली. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. १ नोव्हेंबरलाच घटनेत आणखी एक कलम दाखल झाले, साडेतीनशे अ. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी राज्यांनी कराव्यात, असे ते सांगते. हे कलम बाबासाहेबांचे नव्हे, ते राज्य पुनर्रचना आयोगाच्या शिफारशीतून आले. मराठी शाळेत मास्तर नाही म्हणून पोराला दुसऱ्या शाळेत घालणारा आणि कचेरीतून आलेला कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभा राहणारा आपल्याकडचा माणूस या कलमाचा आकडासुद्धा ऐकून नसतो.

महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले. जन्मस्थानी उभ्या असलेल्या स्मारकाची पायाभरणी १४ एप्रिल १९९१ रोजी, जन्मशताब्दीच्या दिवशी झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरकडे जाणाऱ्या गाड्या मराठी बोलणाऱ्या माणसांनी भरून जातात.