वसईचा गोन्सालो, जपानचा मास्तर



दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती ह्या रक्तसाक्षींचा सण पाळते. पंचांगात नाव एकट्या पॉल मिकींचे येते. बाकीचे पंचवीस जण 'सोबती' ह्या एका शब्दात मावून जातात. त्या पंचविसांत एक आपला माणूस आहे, वसईचा संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेला आणि ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केलेला हा पहिला मनुष्य. वसईकडे लहान पोरालाही त्याचे नाव माहीत असते. इकडे आपल्या वऱ्हाडात मात्र ते फारसे कानावर येत नाही, आणि ज्यांच्या कानावर आले आहे त्यांना त्याचा क्रूस आणि भाले एवढेच आठवते. मरणापूर्वी तो पंचवीस वर्षे काय करीत होता? त्याविषयी आज थोडे लिहितो.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. त्यानंतर वीसबावीस वर्षांनी, १५५६ किंवा १५५७ मध्ये, गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली, असे बहुतेक चरित्रकार सांगतात. किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. तिथे तो शिकला, त्यांच्याच सावलीत वाढला. फादर सेबास्तियाव गोन्साल्विस ह्यांचा त्याच्यावर जीव होता. फादर जपानला निघाले तेव्हा ते त्याला बरोबर घेऊन गेले. साल साधारण १५७२. गोन्सालोचे वय पंधरा.

आपल्याकडे पंधराव्या वर्षी मूल दहावीत असते. पुण्याला शिकायला पाठवायचे म्हटले तरी आई दहादा विचार करते. हा पोर गलबतातून गोवा, मलाक्का, मकाव करीत जपानला निघाला होता. जहाजे मोसमी वाऱ्यावर चालत. वारा फिरेपर्यंत बंदरात महिनोन्महिने थांबावे लागे, आणि वादळात सापडलेले जहाज पोचेलच ह्याचा भरवसा नसे. परतीचे तिकीट नावाची गोष्ट नव्हती. माझ्या माहितीप्रमाणे त्याने वसई पुन्हा पाहिली नाही.

त्या काळी जपानमधले ख्रिस्ती काम मुख्यतः दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर चाले. राजधानी मियाको, म्हणजे आजचे क्योटो, तिथून फार दूर होती. क्यूशूवर लहानमोठ्या सरदारांची आपापली राज्ये होती आणि किनाऱ्यावर बंदरांची गावे. ओमुराच्या सरदाराने १५६३ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्याच्याच मुलुखात नागासाकी नावाचे एक कोळ्यांचे खेडे होते. १५७१ पासून पोर्तुगीज जहाजे तिथे लागू लागली. चीनचे रेशीम यायचे, जपानची चांदी जायची, आणि बघता बघता त्या खेड्याचे शहर झाले. नागासाकीचे नाव लक्षात ठेवा, पुढे तिथे यायचे आहे.

अशा मुलुखात जाऊन ह्या मुलाने शिकवायचे होते. काय शिकवायचे ते ठाऊक होते: प्रभूची प्रार्थना, मतांगीकार, दहा आज्ञा, साक्रामेंते. कोणत्या भाषेत, हा खरा प्रश्न होता.

ह्या प्रश्नाने संत फ्रान्सिस झेवियरसारख्यालाही ठेच लागली होती. ते १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. त्यांचा दुभाषी अंजिरो हा चांगला मनुष्य होता, पण धर्माचा शिकलेला नव्हता. परमेश्वरासाठी त्याने 'दाइनिची' हा शब्द सुचवला. झेवियर महिनोन्महिने दाइनिचीची भक्ती करा म्हणून सांगत फिरले आणि बौद्ध भिक्षूंनी आनंदाने त्यांचे स्वागत केले, कारण दाइनिची हे त्यांच्याच एका बुद्धाचे नाव होते! चूक कळल्यावर झेवियरांनी तो शब्द टाकला आणि लॅटिनमधला 'देउस' घेतला. मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा शब्द आणि अर्थ ह्यांच्या नात्यावर पानेच्या पाने वाचली, पण हा एक प्रसंग त्या सगळ्या पानांहून मला जास्त शिकवून जातो. आपल्याकडे फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटले आणि ते चालले. जपानमध्ये दाइनिची चालला नाही. कोणता शब्द चालेल आणि कोणता बुडवील, हे त्या लोकांत राहिलेल्यालाच कळते.

गोन्सालो लोकांत राहिला. जपानी भाषा तो लवकर आणि उत्तम शिकला, ह्यावर त्याच्या सर्व चरित्रकारांचे एकमत आहे. ह्याचे एक कारण मला सुचते. ते माझे मत समजावे. जपानी भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, मराठीसारखेच. आपण देवळात, शाळेत, घरात असे शब्दाच्या मागून प्रत्यय लावतो, तेही तसेच लावतात. तू, तुम्ही आणि आपण ह्यांत केवढे अंतर आहे हे आपल्या मुलाला शिकवावे लागत नाही. जपानीत तर कुणाशी बोलतो आहोत त्यावर क्रियापदसुद्धा बदलते. युरोपातून आलेल्या विद्वान धर्मगुरूंना ह्या साऱ्याचा फार त्रास झाला. पुष्कळांना वर्षानुवर्षे राहूनही जपानीत प्रवचन देणे जमले नाही. कोकणी आईच्या मांडीवर वाढलेल्या मुलाला वाक्याची ती चाल ओळखीची वाटली असेल तर नवल नाही.

अशा मदतनीस शिक्षकांना जपानमध्ये 'दोजुकू' म्हणत. हा मुळात बौद्ध मठातला शब्द. ते धर्मगुरूंबरोबर राहत, मुलांना प्रार्थना पाठ करून घेत, बाप्तिस्म्याची तयारी करवून घेत, आजाऱ्यांपाशी बसत, फादरांचे बोलणे लोकांना समजेल असे करून सांगत. छापलेले पुस्तक हाती नव्हते. येशूसंघाचा छापखाना जपानला पोचला तो १५९० मध्ये. त्याआधी सगळे तोंडी, फार तर हाताने उतरवून. मेळघाटात एखाद्या मराठी शिक्षकाची पहिली नेमणूक होते आणि समोरची मुले कोरकू बोलतात, तेव्हा पहिले काही महिने नेमके कोण कुणाला शिकवत असते? त्याचेही तसेच झाले असणार. आठ वर्षे त्याने हे काम केले. स्वभाव गोड, त्यामुळे लोक त्याला धरून असत.

पण एक शल्य होते. त्याला येशूसंघात प्रवेश हवा होता. त्याने तो मागितला आणि मिळाला नाही. आशियात जन्मलेल्यांना व्रतस्थ संघांत घेताना त्या काळी युरोपीय मंडळी हात आखडता घेत, ही उघड गोष्ट आहे. जपानी तरुणांना मात्र पुढे संघात घेतले गेले, पॉल मिकी त्यांतलेच. गोन्सालोच्या बाबतीत दार बंद राहिले. ज्याच्या जिभेवर सारे काम चालले होते तो जेवणाच्या पंगतीत मदतनीसच राहिला. ह्याला मी अन्यायच म्हणेन. संतचरित्र लिहिताना तो झाकण्याचे कारण मला दिसत नाही.

तो तिथून बाहेर पडला आणि व्यापारात शिरला. भाषा येत होती, लोक ओळखीचे होते, धंद्यात जम बसला. व्यापाराच्या निमित्ताने फिलिपिन्समधील मनिलाला जाणे होई. तिथे फ्रान्सिस्कन मंडळींशी ओळख झाली, आणि १५८० च्या दशकाच्या अखेरीस पैसाअडका मागे ठेवून त्यांनी त्या संघात ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. गुरुदीक्षा नाही, साधे ब्रदर. तिशी उलटलेली होती.

इकडे जपानमध्ये हिदेयोशी सर्वसत्ताधीश झाला होता. १५८७ मध्ये त्याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण तो कडकपणे राबवला नव्हता. मग त्याने मनिलाच्या स्पॅनिश राज्यपालाकडे शरणागतीची मागणी केली. उत्तर घेऊन कुणाला तरी पाठवणे भाग होते. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कन शिष्टमंडळ निघाले आणि त्यात दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो. दोजुकू म्हणून खेड्यापाड्यांत शिकलेली भाषा आता हिदेयोशीपुढे बोलायची होती. शरण येतो म्हणता येत नव्हते, आणि येत नाही हे तोंडावर फेकताही येत नव्हते. मागे सांगितलेले तू-तुम्ही-आपणचे ज्ञान इथे गळ्याशी आले होते. हिदेयोशीने त्यांना राहू दिले, मियाकोत जागाही दिली.

तिथे १५९४ मध्ये चर्च उभे राहिले आणि शेजारी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय. अमरावतीचे तपोवन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको. काही मुले मिशनमध्ये राहून शिकत, मिस्साला सेवा करीत. गोन्सालो पुन्हा मास्तर झाले.

येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन ह्यांचे तिथे जमले नाही, हेही सांगितले पाहिजे. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी १५८५ मध्ये जपानचे क्षेत्र येशूसंघाला राखून दिले होते. हुकूम डोक्यावर असताना उघड प्रवचने करू नका, असे येशूसंघीय म्हणत. फ्रान्सिस्कनांना ते पटत नसे. दोघांच्याही बाजूला काही तथ्य होते. शेवटी क्रूसावर दोन्ही संघांची माणसे शेजारी शेजारी होती.

ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यातला प्रचंड माल हिदेयोशीने जप्त केला. आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य, अशी बढाई जहाजाच्या सुकाणूवाल्याने मारली, असे सांगतात. खरेखोटे देव जाणे. हिदेयोशीचा राग पेटला. डिसेंबरात मियाकोच्या मठावर पहारा बसला. ३ जानेवारी १५९७ रोजी चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना शहरातून फिरवले. मग भर हिवाळ्यात बहुतेक पायी प्रवास, महिनाभर, थेट नागासाकीपर्यंत. वाटेत दोघे जपानी ख्रिस्ती त्यांची सेवा करता करता त्यांच्यातच धरले गेले आणि सव्वीस झाले. सव्वीसपैकी वीस जपानी. त्यांत तीन मुले होती: लुईस बारा वर्षांचा, आंतोनियो तेरा, थोमस चौदा. गोन्सालो जपानला आले तेव्हाच्या त्यांच्या वयाहूनही लहान. आता ते चाळिशीचे होते.

५ फेब्रुवारी १५९७. निशिझाका टेकडीवर शहराकडे तोंड करून सव्वीस क्रूस रांगेत उभे केले. दोऱ्यांनी आणि लोखंडी कड्यांनी त्यांना बांधले आणि दोन बाजूंनी भाले मारले. क्रूसावर प्रथम चढवलेले गोन्सालो होते, असे परंपरा सांगते. खाली हजारो ख्रिस्ती जमले होते. ज्या बंदरामुळे तो मुलूख ख्रिस्ती झाला, त्या बंदरासमोर त्यांचा शेवट झाला.

पोप आठवे अर्बन ह्यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्य म्हणून आणि पोप नववे पायस ह्यांनी ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित केले. शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, निशिझाकावर सव्वीस जणांचे ब्राँझचे स्मारक उभे राहिले. त्या रांगेत आपला वसईकर आहे.

मधली एक गोष्ट राहिली. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू मारले किंवा हाकलले गेले. कुणाच्या घरी क्रूस सापडला तर मरण. अडीचशे वर्षे असेच गेले. मग परदेशीयांना नागासाकीत राहण्याची परवानगी मिळाली आणि फ्रेंच धर्मगुरूंनी ओउरा इथे चर्च बांधले, ते ह्याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने. १७ मार्च १८६५ रोजी शेजारच्या उराकामी गावातले दहापंधरा शेतकरी दारात येऊन उभे राहिले. फादर पेतीजाँ ह्यांनी दार उघडले. आत प्रार्थना करीत असताना त्यांतली एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने विचारले, मारियाबाईंची मूर्ती कुठे आहे. ह्या लोकांत एकही धर्मगुरू नव्हता. गावातलाच एक जण बाप्तिस्मा देई, एक जण सणांचे दिवस मोजून सांगे. प्रार्थना आईबापांनी मुलांकडून पाठ करून घेतल्या होत्या, सात पिढ्या, तोंडी. त्यांच्या प्रार्थनेत परमेश्वराचे नाव अजून 'देउस' हेच होते.