रणांगणावरील शल्यवैद्य

डोमिनिक लारे यांचा जन्म १७६६ साली फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या कुशीतील एका खेड्यात झाला. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. तेव्हा तुलूझ येथील शल्यवैद्य चुलत्यांनी त्यांना आपली विद्या दिली. पुढे फ्रेंच सैन्यात असताना त्यांनी जखमींना त्वरेने हलविण्यासाठी घोड्यांच्या हलक्या गाड्या सुरू केल्या. आपला सेनापती असो वा शत्रूचा शिपाई, ज्याची जखम अधिक गंभीर त्याच्यावर आधी उपचार, असा त्यांचा नियम होता.

१८०७ च्या फेब्रुवारीत नेपोलियनचे सैन्य पूर्व प्रशियातील आयलाऊ येथे लढत होते. थंडी कडाक्याची होती. अशा थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त पोहोचेनासे होते आणि मांसातील पाण्याचे बर्फ बनते. यालाच हिमदंश म्हणतात. बिचारे शिपाई बधिर झालेले पाय शेकोटीवर धरीत. बधिर पायांना भाजल्याचेही कळत नसे! अशांचेच पाय काळे पडून सडतात, हे लारे यांच्या सूक्ष्म दृष्टीने टिपले. म्हणून त्यांनी शेकोटी वर्ज्य ठरविली आणि पाय बर्फाने चोळावेत असे सांगितले.

पहिला उपदेश खरा ठरला. दुसरा मात्र चुकीचा होता. चोळल्याने गोठलेले मांस अधिकच दुखावते. आज वैद्य असा अवयव न चोळता कोमट पाण्यात बुडवितात.

१८४२ साली लारे निवर्तले. त्यांनी डोळसपणे पाहिले व पाहिलेले लिहून ठेवले. म्हणूनच पुढील पिढ्यांना त्यांची चूक सुधारता आली.