शाहू महाराज, उन्हाळा आणि शरीराची सवय

एसी नसेल तर आता जगणंच अवघड, असं म्हणणारे वाढले आहेत. दुसरीकडे, आमच्या आजोबांनी कुठे एसी पाहिला होता, असं म्हणणारेही आहेत. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ते नेमकं किती, हे समजून घ्यायला कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या एका माणसाचं आयुष्य उपयोगी पडतं. त्यांच्या काळात एसी नव्हता आणि त्यांच्या संस्थानात बहुसंख्य लोक उन्हातच राबत होते.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार. आई राधाबाई लहानपणीच गेल्या. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि दोनच वर्षांनी वडीलही वारले. शिक्षणासाठी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवण्यात आलं.

कागल समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे उन्हाळ्यातही रात्री हवा बरीच उतरते. राजकोटचा मे महिना वेगळा. पारा चाळीशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. अशा हवेत गेलेल्या कोणाच्याही शरीरात पहिल्या आठ-दहा दिवसांत मोठे बदल होतात. रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. घाम लवकर सुटू लागतो आणि जास्त येतो. त्यातलं मीठ मात्र कमी होतं, कारण शरीर ते राखून ठेवायला शिकतं. दहा ते चौदा दिवसांत ही सवय बऱ्यापैकी पूर्ण होते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींत उष्माघाताने मजूर दगावू लागले, तेव्हा याच तत्त्वावर नव्या मजुरांना आधी हळूहळू गरम हवेत काम करायला लावून मग खाली उतरवण्याची पद्धत १९३० च्या दशकात रुजली.

या सवयीच्या दोन अटी आहेत. नुसतं गरम खोलीत बसून ती पुरती लागत नाही, शरीराला थोडे श्रमही पडावे लागतात. आणि ती टिकत नाही. उष्णतेचा संबंध तुटला, तर दोन ते चार आठवड्यांत ती बहुतेक निघून जाते. म्हणूनच दिवसरात्र एसीत राहणाऱ्या माणसाला एक दिवस लग्नाच्या मांडवात बसणंही जड जातं.

राजकोटनंतर महाराजांचं शिक्षण धारवाडला फ्रेझर यांच्या हाताखाली झालं आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. धिप्पाड शरीर, कुस्तीचा नाद, शिकारीची आवड. कोल्हापुरात त्यांनी खासबागचं कुस्ती मैदान उभारलं आणि गावोगावच्या पैलवानांना आश्रय दिला. मेहनत पहाटे करायची, ही तालमीची जुनी रीत. तिच्यामागे शरीरशास्त्र आहे. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता तयार करतो. जोर-बैठका मारताना ती कित्येक पटींनी वाढते आणि ती बाहेर टाकायला भोवतालची हवा थंड असावी लागते. मोठ्या देहाला हे आणखी कठीण जातं, कारण वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ कमी असतं.

श्रीमंतांकडे उन्हाळ्यावर उपाय होते. जाड दगडी भिंतींचे वाडे दुपारचं ऊन आत यायला कित्येक तास लावतात. छताला टांगलेला पंखा ओढायला नोकर असत. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच असल्याने तिथली हवा दोन-अडीच अंशांनी थंड असते. महाराजांनी पन्हाळ्यावर चहा-कॉफीची लागवडही करून पाहिली. पण शेतकरी आणि मजुरांपाशी यातलं काहीच नव्हतं.

राज्यकारभार हाती आल्यावर दोन-तीन वर्षांतच, १८९६-९७ साली दुष्काळ पडला. महाराजांनी स्वतः फिरून परिस्थिती पाहिली, स्वस्त धान्याची दुकानं उघडली आणि दुष्काळी कामं काढली. त्या कामांवर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोयही केली. वैद्यकीय दृष्टीने ही सोय फार मोलाची. तान्ह्या बाळाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, त्याला तहान सांगता येत नाही, आणि उन्हात ठेवलेलं मूल तासाभरातही गंभीर होऊ शकतं.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज इंग्लंडला गेले. समारंभ २६ जूनला व्हायचा होता, पण राजाला अपेंडिक्सचा आजार होऊन शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो ऑगस्टवर गेला. महाराज परदेशात असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला. त्याच जुलै महिन्यात अमेरिकेत विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. आजच्या एसीचा उगम हाच. दमट हवेत कागद फुगत होता आणि रंगांची छपाई हलत होती. म्हणजे पहिला एसी माणसांसाठी नव्हता, कागदासाठी होता.

तरीही कॅरिअरने दमटपणावर बोट ठेवलं, हे महत्त्वाचं. हवा कातडीपेक्षा गरम झाली की शरीराकडे थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, घाम सुकण्याचा. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम नुसता टपकला, तर पाणी आणि मीठ जातं, गारवा मिळत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं, त्यावरून हे मोजता येतं. १९०५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हाल्डेन यांनी दाखवलं, की हे ओलं तापमान ३१ अंशांच्या आसपास गेलं की स्वस्थ बसलेल्या माणसाचाही ताप चढू लागतो. श्रम करणाऱ्याची मर्यादा त्याहून खाली असते. ही मर्यादा सवयीने थोडी सरकते, मोडत नाही.

कागलला एप्रिलमध्ये ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल, तर ओलं तापमान २३ च्या घरात येतं. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर ते २८ च्या पुढे जातं. बातम्यांत कागलचा आकडा मोठा दिसतो, पण शरीरावरचा भार मुंबईत जास्त असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावरच्या समारंभानंतर चौदा जणांचा जीव गेला, तोही असाच किनारपट्टीवरचा दिवस होता.

घामाला पाणी लागतं, आणि पाणी कोणाला मिळायचं हे त्या काळी जातीवर ठरत होतं. महाराजांच्या पागेतले नोकर गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा प्यायले. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करणारे हुकूम काढले. वेठबिगारही बंद केली. उष्णतेशी जुळवून घेण्याचा पहिला नियम म्हणजे जीव घाबरला की थांबायचं, सावलीत जायचं, पाणी प्यायचं. वेठीला धरलेल्या माणसाला थांबण्याची मुभाच नसते. भोगावतीवर राधानगरीचं धरण त्यांनी सुरू केलं, पण ते त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७. त्याचा दोष उन्हाळ्याला देता येणार नाही. पण आजचा डॉक्टर अशा रुग्णाला मे महिन्यात नक्की जपायला सांगेल. उन्हाळ्यात कातडीकडे रक्त पाठवण्यासाठी हृदयाला जास्त काम पडतं, आणि दुखऱ्या हृदयाकडे तेवढी शिल्लक ताकद नसते.

म्हणून एसी हवा की नको, याचं उत्तर माणसागणिक बदलतं. निरोगी, कामाची सवय असलेल्या माणसाला कोरड्या हवेत सावली, पंखा, पाणी आणि रात्रीचा गारवा पुरतो. हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि जुन्या मधुमेहाचे रुग्ण, फार म्हातारी माणसं, नवजात बाळं आणि लघवी वाढवणारी किंवा मनोविकाराची काही औषधं घेणारे लोक यांची जुळवून घेण्याची क्षमताच तोकडी असते. त्यांच्यासाठी तीव्र उष्म्याच्या दिवसांत थंड खोली ही औषधाइतकीच गरजेची ठरू शकते. घरात एकच खोली थंड करता येत असेल, तर ती त्यांना द्यावी. औषधं मात्र मनाने बंद करू नयेत. हवा चाळीसच्या वर गेली, की नुसता पंखा म्हाताऱ्या माणसाला उपयोगी पडत नाही. अंग ओल्या फडक्याने पुसत राहावं लागतं.

आज कागलच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीसमोर उभं राहणाऱ्या किंवा भर उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाला एसी देता येत नाही. त्याला वेळ देता येतो. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्णतेत एक पंचमांश काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, अशी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. महिनाभर सुट्टीवर जाऊन आलेल्यालाही सवय पुन्हा लावावी लागते, कारण उष्माघाताचे बहुतेक बळी पहिल्या काही दिवसांतले असतात. काम करता करता कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावं आणि वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. अशा वेळी पहिली काही मिनिटंच जीव वाचवतात.