१३० डॉलरचा चेक

बँकेत उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. चेक हाती आला की तो आधी उलटा करून बघायचा. पुढच्या बाजूला रक्कम असते, खरी हकिगत मागच्या बाजूला असते. अमेरिकेतल्या अशाच एका चेकचे छायाचित्र माझ्या पाहण्यात आले आणि मी अस्वस्थ झालो. तारीख १ मार्च १९३८. रक्कम ४१२ डॉलर. त्यातले १३० डॉलर सुपरमॅन नावाच्या चित्रकथेचे, दर पानाला १० डॉलर याप्रमाणे १३ पानांचे. बाकीची रक्कम इतर कामाची. ज्यांना चेक द्यायचा त्यांच्या नावांचे स्पेलिंगसुद्धा चुकलेले. त्यामुळे त्या दोन पोरांनी मागे दोन-दोन सह्या केल्या, एकदा चुकलेल्या नावाने आणि एकदा खऱ्या नावाने. दोघांचे वय तेवीस. हाच चेक २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला.

हे सगळे आठवायला निमित्त झाले आमच्या सेनगावातल्या ओट्यावरच्या गप्पांचे. २०२५ च्या जुलैत सुपरमॅनचा नवा चित्रपट आला. माझ्या पुतण्याची मित्रमंडळी तो पाहून आली होती आणि संध्याकाळी चहावर नुसता हशा चालला होता. एकाचे म्हणणे, सुपरमॅनला त्या हिरव्या दगडाची भीती नाही, वकिलाच्या नोटिशीची आहे. दुसऱ्याने कॅप्टन मार्व्हलचा किस्सा काढला. हा १९४० च्या सुमारास आलेला दुसरा एक उडणारा नायक. तो आमच्या सुपरमॅनची नक्कल आहे म्हणून सुपरमॅनच्या कंपनीने १९४१ साली दावा लावला. बारा वर्षांनी, १९५३ साली, समोरच्या कंपनीने ४ लाख डॉलर मोजले आणि तो नायक बंद करून टाकला. पुढे १९७२ च्या सुमारास ज्यांनी त्याला मारला त्यांनीच त्याचे हक्क घेतले. पण तोवर त्याचे नाव तिसऱ्याच कंपनीच्या मालकीचे झाले होते! मग मासिकाला 'शझॅम' असे नाव द्यावे लागले. तिसरा पोरगा म्हणाला, ही तर आमच्या वावराच्या बांधाची केस झाली. आजोबाने लावली, नातू तारखा करतोय.

मीही हसलो. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि मॅन्ड्रेक हे आमचे देव होते. पण ते कुणी निर्माण केले हे विचारायचे आम्हाला सुचले नव्हते. या पोरांना तर दाव्यांचे निकालही पाठ आहेत. तरी जेरी सीगल कोण, हे त्यांच्यातल्या एकालाच ठाऊक होते. म्हणून त्या संध्याकाळी मी त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो आहे.

जेरी सीगल याचा जन्म १७ ऑक्टोबर १९१४ चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातला. आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू. सहा भावंडांत हा शेंडेफळ. वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. १९३२ च्या जूनमध्ये दुकानात चोर शिरले, त्या प्रकारात वडिलांचे हृदय बंद पडले आणि ते गेले. शाळेत लाजाळू, अभ्यासात बेताचा, विज्ञानकथांच्या मासिकांत बुडालेला हा मुलगा. त्याला तसाच एक जोडीदार भेटला, जो शुस्टर. हा मूळचा टोरांटोचा, चित्रे काढणारा, नजरेने अधू. १९३३ च्या जानेवारीत दोघांनी स्वतःच छापलेल्या मासिकात सुपरमॅन पहिल्यांदा आला, तो खलनायक म्हणून. त्यातून पुढे गोळी न लागणारा, दुबळ्यांच्या मदतीला धावणारा नायक घडला. वडिलांच्या मृत्यूशी या नायकाचा काही सांधा असेल का, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. सीगल स्वतः त्याविषयी जाहीरपणे बोलत नसे.

पुढची पाच वर्षे नकाराची. वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या संस्थांनी सुपरमॅन परत पाठवला. अखेर एका मासिकवाल्यांनी घेतला आणि त्याबरोबर एक कागद आला. कथा, पात्र, सर्व हक्क कायमचे कंपनीचे. दोघांनी सही केली. जून १९३८ ही तारीख छापलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १० सेंटला विकला गेला. त्याच अंकाची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरला गेली.

बँकवाल्याने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पुढच्या दहा वर्षांत कंपनीने त्यांना कामाचे पैसे दिले, आणि ते कमी नव्हते. पण ती मजुरी होती. घर त्यांनी बांधले, उतारा दुसऱ्याच्या नावावर चढला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. सीगल ती तीनदा तरी चढला. १९४३ साली तो सैन्यात गेला आणि त्याच्या माघारी कंपनीने सुपरबॉय छापायला घेतला. ही कल्पना सीगलनेच आधी देऊ केली होती, तेव्हा ती नाकारली होती. १९४७ साली त्याने व शुस्टरने दावा लावला. निर्णय असा आला की सुपरमॅन कंपनीचा, सुपरबॉय मात्र सीगलचा. १९४८ साली सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली आणि त्यात सुपरबॉयही गेला. त्या रकमेतला मोठा वाटा वकिलांच्या खिशात पडला. काम सुटले, अंकावरची नावेही पुसली गेली.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट पुढची. १९५९ साली सीगल त्याच कंपनीच्या दारात परतला आणि पानाच्या दराने सुपरमॅनच्याच कथा लिहू लागला, निनावी. आपल्याच वावरात रोजंदारीवर जाण्यासारखे ते झाले. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या वाट्याला थोडेसे असेच आले. १९१८ साली भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, पटेना म्हणून काशीला निघून गेले आणि पुन्हा त्याच कंपनीत कामाला परतले. त्यांचे नाव मात्र कुणी पुसले नाही.

साठीच्या दशकात सीगलने पुन्हा दावा लावला, तो १९७४ पर्यंत अपिलातही हरला. लॉस एंजेलिसच्या एका सरकारी कचेरीत तो टंकलेखक-कारकून झाला. शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी बातमी आली. तेव्हा सीगलने आपली सगळी कैफियत टंकलिखित करून वर्तमानपत्रांना पाठवली. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्याच्यासाठी उभे राहिले. कायद्याने कंपनी काही देणे लागत नव्हती, पण जनाची लाज होती. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना दरसाल २० हजार डॉलर ठरले आणि निर्माते म्हणून दोघांची नावे पुन्हा छापायचे मान्य झाले. शुस्टर १९९२ साली गेला, सीगल २८ जानेवारी १९९६ रोजी. वारसांनी दावे पुढे चालवले. २००८ साली सीगलच्या कुटुंबाला काही हक्क परत मिळाल्यासारखे वाटले, पण २००१ मधली तडजोड बंधनकारक आहे असे अपिलात ठरून २०१३ साली तेही हुकले. अमेरिकी कायद्याप्रमाणे तो पहिला अंक १ जानेवारी २०३४ ला सर्वांना मोकळा होईल.

इथे माझेही एक कर्ज फेडायचे राहिले आहे. कर्जदाराला एकेक कलम वाचून दाखवल्याशिवाय मी कधी अंगठा घेतला नाही. पण माझी पहिली कादंबरी छापायची ठरली, तेव्हा प्रकाशकाचा कागद मी न वाचताच सही करून पाठवला. नाव छापून येणार याचाच आनंद इतका होता. पुढच्या आवृत्त्या निघाल्याचे मला पुस्तकाच्या दुकानात कळले. तेवीस वर्षांच्या सीगलला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्यापासून नर्सी नामदेव जवळच. नामदेवांनी अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफले. सातशे वर्षे झाली, ते कुणाला काढता आले नाही. गद्य लिहिणाऱ्याला आणि चित्र काढणाऱ्याला ती सोय नाही. त्याला कागदच वाचावा लागतो.

त्या गप्पांनंतर आठवड्याने ओट्यावरचा एक मुलगा घरी आला. चित्रे छान काढतो. शहरातल्या एका कंपनीने त्याच्या चित्रकथेसाठी करार पाठवला होता. आम्ही दोघे दुपारभर बसलो. मी त्याला सांगितले, की आपल्या १९५७ च्या कायद्यात हक्क देताना लेखी कागद लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. आणि हक्क विकला तरी निर्माता म्हणून नाव सांगायचा अधिकार आपल्याकडेच राहतो. तिसऱ्या पानावर 'कायमचे' हा शब्द सापडला. त्याने तो पेनने खोडला, वर 'पाच वर्षे' लिहिले आणि शेजारी आद्याक्षरे केली. कंपनीचे उत्तर अजून यायचे आहे.