सायकलवाला हार्ट डॉक्टर

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला हार्ट अटॅक येऊन गेलाय का? मग हे चित्र ओळखीचं असेल. काका हॉस्पिटलमधून घरी येतात आणि एकदम काचेचं भांडं होऊन जातात. उठू नका, पिशवी उचलू नका, जिना तर नकोच! सगळे करतात ते काळजीपोटीच. पण याच भीतीशी वर्षानुवर्षं झुंजलेल्या एका डॉक्टरची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. नाव, पॉल डडली व्हाइट.

जन्म ६ जून १८८६ चा, अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या रॉक्सबरी भागातला. वडील फॅमिली डॉक्टर. लहान बहीण मात्र संधिवाताच्या तापाने गेली. हा ताप हृदयाच्या झडपांवर घाला घालतो, आणि तेव्हा त्यावर हुकमी औषध नव्हतं. १९११ मध्ये व्हाइट हार्वर्डमधून डॉक्टर झाले. दोन वर्षांनी ते लंडनला गेले आणि थॉमस लुईस यांच्याकडे ईसीजी शिकले. आज गल्लीतल्या दवाखान्यातही निघतो तो ईसीजी तेव्हा अगदी नवा होता. परत येऊन त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हृदयरोगावरच लक्ष केंद्रित केलं. १९२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन सुरू करणाऱ्यांमध्ये ते होते. १९३१ मध्ये त्यांचं हृदयरोगावरचं जाडजूड पुस्तक आलं आणि जगभरातले डॉक्टर त्यावरून शिकले.

आता त्या काळातले उपचार बघा. अटॅक आला की पेशंटला कित्येक आठवडे पलंगावर झोपवून ठेवायचं. जखमी हृदयाला विश्रांती हवी, हा विचार वरवर बरोबर वाटतो ना? पण सतत पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुफ्फुसात जाऊन पेशंट दगावू शकतो. शिवाय आपण आता कामातून गेलो, हे मनात पक्कं बसतं ते वेगळंच.

१९५३ मध्ये लंडनमधून एक भन्नाट अभ्यास आला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरपेक्षा सारखे वर-खाली करणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी होता. हालचाल हृदयाची शत्रू नाही, असं दाखवणारा पुरावा हळूहळू जमत होता.

आणि मग २४ सप्टेंबर १९५५ उजाडला. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर सुट्टीवर डेन्व्हरला होते. वय ६४. आदल्या दिवशी गोल्फ खेळले आणि रात्री छातीत दुखायला लागलं. आधी लोकांना पोट बिघडल्याचं सांगितलं गेलं. निघाला हार्ट अटॅक! सोमवारी अमेरिकेचा शेअर बाजार सहा टक्क्यांहून जास्त कोसळला. व्हाइट विमानाने डेन्व्हरला पोहोचले आणि पत्रकारांसमोर बसून सगळं साध्या भाषेत समजावू लागले. अगदी अध्यक्षांचं पोट साफ झालं, हेसुद्धा! लोक हसले असतील, पण हार्ट अटॅक म्हणजे नेमकं काय, ते लाखो घरांत पहिल्यांदा कळलं.

खरी परीक्षा पुढे होती. अध्यक्ष पुन्हा काम करू शकतील का? हो म्हणावं आणि काही बरंवाईट झालं, तर सगळं खापर डॉक्टरवर. १९५६ च्या फेब्रुवारीत व्हाइट यांनी जाहीर केलं, की अध्यक्ष आणखी पाच ते दहा वर्षं कामाचं आयुष्य जगू शकतात. आयझेनहॉवर निवडणूक लढले, जिंकले, गोल्फही पुन्हा सुरू झाला. मधे १९५७ मध्ये सौम्य स्ट्रोक आला, तरी १९६१ पर्यंतची मुदत त्यांनी पूर्ण केली. १९६९ मध्ये ते गेले ते हृदयविकारानेच. व्यायाम म्हणजे जादू नाहीच. पण अटॅकनंतर मिळालेली ती तेरा वर्षं त्यांनी पलंगावर काढली नाहीत.

व्हाइट स्वतः सत्तरीतही सायकल चालवायचे. चाला, सायकल घ्या, सिगारेट सोडा, हे ते जाईल तिथे सांगत. आपल्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती १९५२ मध्ये हार्वर्डला गेल्या, त्या त्यांच्याच हाताखाली शिकायला. ३१ ऑक्टोबर १९७३ ला व्हाइट गेले. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीकाठच्या सायकल ट्रॅकला आज त्यांचं नाव आहे. डॉक्टरचं याहून योग्य स्मारक कुठलं?

नंतरच्या चाचण्यांनी त्यांच्या म्हणण्याला बळ दिलं. हृदयरुग्णांनी देखरेखीखाली व्यायाम केला, तर हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा अॅडमिट व्हायची वेळ, दोन्ही कमी होतात. कारण सोपं आहे. सरावलेले स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगला वापरतात, त्यामुळे तेवढंच चालायला हृदयाला कमी राबावं लागतं. यालाच आज कार्डियाक रिहॅब म्हणतात. सुरुवात पाच-दहा मिनिटांच्या चालण्यानेही होते आणि हळूहळू आठवड्यातले बहुतेक दिवस अर्ध्या तासापर्यंत जाते. वेग किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागला की लगेच थांबायचं.

तेव्हा दोस्तांनो, एक काम करा. घरातल्या त्या काकांच्या किंवा आजोबांच्या पुढच्या चेकअपला तुम्ही सोबत जा. त्यांनी किती आणि कसं चालायचं, ते डॉक्टरांना नीट विचारून घ्या. आणि मग संध्याकाळी मोबाइल खिशात टाकून त्यांच्याबरोबर निघा. त्यांना व्यायामाइतकीच गरज आहे ती सोबत कुणीतरी असण्याची.