उपचारांच्या दारापर्यंतची वाट

खारदांड्याच्या कोळीवाड्यातील अरुंद बोळांतून पांगळ्या मुलाला कडेवर घेऊन निघायचे, लोकलच्या गर्दीत शिरायचे आणि हाजी अली गाठायचे, हा द्राविडी प्राणायाम ज्या मातेच्या वाट्याला येतो तिलाच त्याची कल्पना. निदान हाजी अलीस उपचारांची सोय तरी आहे. स्वातंत्र्यापूर्वी ती शोधण्यासाठी फातिमा इस्माईल यांना मुंबई सोडावी लागली होती.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ सालचा. होमरूल चळवळीत वावरलेले गिरणीमालक उमर सोबानी यांच्या त्या भगिनी. लहानग्या मुलीला पोलिओ झाला तेव्हा बाईंनी हातपाय गाळले नाहीत. मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे तिला नेऊन त्यांनी महिनोन्महिने उपचार करविले आणि ते करता करता स्वतःही शिकून घेतले. मुलगी चालू लागली. दुसरी एखादी माता तेवढ्यावर कृतार्थ झाली असती. परंतु जिच्यापाशी मद्रासच्या भाड्याचे पैसे नाहीत तिच्या मुलाचे काय, हा प्रश्न बाईंना स्वस्थ बसू देईना. १९४७ साली त्यांनी चौपाटीवर पोलिओग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय उघडले. त्यातूनच पुढे अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजी अलीचे रुग्णालय आकारास आले.

एकट्यादुकट्याच्या दानधर्मावर हा भार पेलणारा नव्हता. शासनाने तो उचलावा म्हणून बाई झटत राहिल्या. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाजी अली येथेच केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. १९५८ साली बाईंना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

अपंगांच्या हक्कांचा पहिला सर्वंकष कायदा त्यानंतर आठ वर्षांनी, १९९५ मध्ये आला. २०१६ च्या कायद्याने तर अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन घातले. नियम २०१७ च्या जूनमध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ च्या जूनमध्येच सरली. एवढ्यावरही भागले नाही. हे नियम बंधनकारक नसून नुसते मार्गदर्शक ठरत असल्याचे २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, आणि तीन महिन्यांत सक्तीची मानके ठरविण्याचा आदेश केंद्राला द्यावा लागला. सरकारी कचेरीच्या पायऱ्यांशी चाकाची खुर्ची अडली की दाखला आतल्या टेबलावर आणि अर्जदार बाहेरच्या उन्हात, हा देखावा मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. मद्रासचे अंतर फातिमाबाईंनी मिटविले. पाच पायऱ्यांचे अंतर मात्र कायदा होऊनही उरले आहे.