संत जुझे वाझ व चमत्कारी क्रुसाचा मठ

तीर्थयात्रेस पायीं निघावें व वाटेंत एखाद्या प्राचीन मठाचें दर्शन घ्यावें, ही रीत आम्हां मराठवाड्यांतील लोकांना नवी नाहीं. आमच्या उदगीरच्या किल्ल्यांत उदागीर बाबांची समाधि आहे. पंढरीची वाट चालणारे वारकरी तर आमच्या नित्य परिचयाचे. त्याचप्रमाणें ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणासाठीं सावंतवाडी-बेळगांवकडील ख्रिस्तजन जुन्या गोव्यास पायीं जातात. तेथील एका टेकडीवर चमत्कारी क्रुसाच्या मठाचे भग्न अवशेष आहेत. त्या मठांतून एक साधुपुरुष पायींच बाहेर पडला. त्याचें चरित्र या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली येथें आजोळीं झाला. वडिलांचें गांव सांकवाळ. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढल्याच वर्षीं त्यांनीं सांकवाळच्या मंदिरांत पवित्र मरियेचें दास्य लेखी स्वीकारिलें. १६८१ पासून तीन वर्षें त्यांनीं कानडा प्रांतांतील विखुरलेल्या ख्रिस्तजनांची सेवा केली.

त्या काळीं युरोपीय संघांत देशी धर्मगुरूंना सहसा प्रवेश मिळत नसे. म्हणून कांहीं गोमंतकीय धर्मगुरु या टेकडीवर एकत्र राहूं लागले होते. १६१९ सालीं जेथें क्रुसाचा चमत्कार दिसला असें भाविक मानीत, तेंच हें स्थान. १६८५ सालीं जुझे वाझ त्यांस येऊन मिळाले व त्यांचे प्रमुख निवडले गेले. संत फिलिप नेरी यांच्या नियमास अनुसरून त्यांनीं त्या समूहास संघाचें रूप दिलें.

परंतु सिंहलद्वीपाची चिंता त्यांस स्वस्थ बसूं देईना. १६५८ पासून तेथें डच लोकांचा अंमल असून कॅथोलिक धर्मगुरूंस बंदी होती. १६८६ सालीं त्यांनीं प्रमुखपद सोडिलें व दक्षिणेची वाट धरिली. पुढील वर्षीं जुवांव नामक सेवकासह ते मजुराच्या वेषांत जाफना येथें उतरले. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. माळ ओळखणारें घर ख्रिस्ती, ही त्यांची खूण. सुमारें तीस वर्षें धर्मगुरूवांचून त्या कुटुंबांनीं श्रद्धा जपिली होती!

१६९२ सालीं ते कँडीस गेले. पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस कैदेंत ठेवण्यांत आलें. पुढें बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानेंच त्यांस धर्मसेवेची मोकळीक दिली. १६९७ सालीं देवीची सांथ आली. सोडून दिलेल्या रोग्यांस त्यांनीं धर्मभेद न मानितां आश्रय दिला, त्यांची शुश्रूषा केली व मृतांस स्वहस्तें पुरलें. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथेंच त्यांचा अंत झाला. १९९५ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्य ठरविलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

इकडे १८३५ सालीं गोव्यांतील धर्मसंघ बंद करण्यांत आले व मठ ओसाड पडला. तेथील क्रूस आतां से कॅथेड्रलमध्यें आहे. मठ पडला, परंतु ज्या श्रद्धेसाठीं त्याचा प्रमुख बाहेर पडला ती सिंहलद्वीपांत आजहि जिवंत आहे. ज्युबिलीच्या वर्षीं मंदिराच्या भिंतींस रंग देणें उचितच. परंतु दूरच्या वाडीवर धर्मगुरु पोहोंचला नाहीं तरी सायंकाळची प्रार्थना ज्या घरांत होते, त्या घरावर आमची खरी भिस्त आहे. प्रिय बंधुभगिनींनो, पायीं गोव्यास जाल तेव्हां त्या टेकडीवर अवश्य चढा, व या संताजवळ अशा घरांसाठीं मागणें करा.